पाठकोरं पान

पुढची बाजू

सकाळी दहाच्या सुमाराला संपादकांचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही, एकदम ओरडलेच.

"जमलं, बाई! अहो, जमलं की!"

"काय जमलं?"

"शेवट! सात महिने डोकं खाल्लंत माझं. पण काल शेवटचं पान वाचलं आणि खुर्चीतून उठून उभा राहिलो. शप्पथ. आमच्या शिपायाला वाटलं, मला काही चावलं."

गॅसवर दूध होतं. सात महिन्यांनी कोणीतरी कौतुक करत होतं, ते उभ्याने ऐकणं बरं नाही म्हणून मी स्टुलावर बसले.

"आणि तो तपासनीस!" ते म्हणाले. "चाळिसाव्या पानावर दोन ओळींपुरता येतो, लिफ्ट बघतो, सही ठोकतो, जातो. मला वाटायचं, ह्याला कशाला घातलाय उगाच. आणि शेवटी तुम्ही त्यालाच बोलता केलात! लोक हबकतील, बाई."

"कुठला तपासनीस?"

"घ्या! आता मलाच विचारा."

माझ्या शेवटच्या पानावर तपासनीस नव्हता. माझ्या शेवटच्या पानावर लिफ्टमन होता, मेलेल्या मुलाच्या आईच्या पायाशी बसून रडणारा. ते मी गेल्या मंगळवारी लिहिलं होतं. मला ते अजिबात आवडलं नव्हतं, पण मनगट ठणकत होतं, मुदत उलटून गेली होती, म्हणून टायपिंगवाल्या बाईंकडे देऊन टाकलं होतं. तिथून ते थेट संपादकांकडे गेलं.

दूध उतू गेलं.

(हे वाक्य खोडायला हवं. गोष्टीत अशा वेळी नेहमी दूधच उतू जातं. पण ते खरंच गेलं. शेगडीवर डाग आहे अजून.)

मागची बाजू

आधीचं सांगते, कारण ते माहीत नसेल तर पुढचं कळणार नाही.

नऊ वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ लिफ्टच्या खड्ड्यात पडून गेला. तो सहाव्या मजल्यावर चष्म्याच्या काचा घासायच्या कामाला होता. संध्याकाळी निघाला, लिफ्टचं दार ओढलं, दार उघडलं, पाय टाकला. आत लिफ्ट नव्हती. ती तळमजल्यावर होती.

लिफ्ट समोर नसेल तर दार उघडताच कामा नये. त्यासाठी प्रत्येक मजल्यावर दाराला आतून कुलूप असतं, लिफ्ट आली की आपोआप सुटणारं. सहाव्या मजल्याचं कुलूप सुटलेलंच होतं. चौकशीत लिफ्टमन म्हणाला, मी कामाला लागलो तेव्हापासून ते असंच आहे, मी सांगितलंही होतं. कोणी विश्वास ठेवला नाही. कारण दोनच महिन्यांपूर्वी सरकारी तपासनिसाने सगळ्या मजल्यांची कुलपं ठीक असल्याचं लिहून दिलं होतं. म्हणजे मधल्या काळात लिफ्टमननेच स्वतःच्या सोयीसाठी काहीतरी उचकटलं असणार. चौदा महिने तो तुरुंगात होता.

तो तपासनीस म्हणजे माझा नवरा.

ह्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. ती इमारत ह्यांच्या हद्दीत होती. भाऊ तर मिरवायचा, "आमच्या लिफ्टमध्ये दाजींची सही चौकटीत लावलीय, ताई. रोज नमस्कार करून चढतो." तो गेला तेव्हा आमची आईच ह्यांची समजूत काढत बसली होती. "तुम्ही तुमचं काम चोख केलंत, जावईबापू. त्या मेल्याने घात केला, त्याला तुम्ही काय करणार?"

मी कादंबरी लिहायला घेतली ती त्या मेल्यावर. सहा वर्षं लिहिली. चारशे अकरा पानं झाली आणि शेवटापाशी गाडी रुतली. अकरा शेवट लिहिले. एकात लिफ्टमन कबुली देतो. एकात गाव सोडून जातो. एकात त्याला वेड लागतं, तो तर इतका वाईट होता की फाडताना मला बरं वाटलं. संपादकांना त्यातले दोन पाठवले, दोन्ही परत आले. दुसऱ्यावर पेन्सिलीने लिहिलेलं होतं: हा माणूस सारखी माफी मागतोय, पण कशाची ते त्यालाच माहीत नाही असं वाटतं. तुम्हाला माहीत आहे का?

मला राग आला होता. म्हणजे काय, माहीत आहे का? माझा भाऊ गेलाय.

बाकीचे शेवट मीच फाडले. नको झालेलं पान उभं-आडवं फाडायचं, चार तुकडे, कचऱ्याच्या डब्यात. ही माझी सवय. दुसरी सवय कागदांची. कोऱ्या करकरीत कागदावर मला लिहिता येत नाही, छाती दडपते. लग्न झालं त्या वर्षापासून हे ऑफिसातून पाठकोरे कागद आणतात. एका बाजूला जुनी परिपत्रकं, दुसरी बाजू कोरी. निवृत्तीच्या दिवशीसुद्धा हार आणि नारळाऐवजी हे दोन गठ्ठे घेऊन आले. रोज सकाळी माझ्या टेबलावर वीस-पंचवीस कागद कोरी बाजू वर करून ठेवतात, वर चष्मा ठेवतात, की मी बसायची.

मी कागद उलटून बघत नाही. एकदा बघितला होता, तर जिन्याच्या रुंदीवरचं परिपत्रक वाचण्यात अख्खी सकाळ गेली. तेव्हापासून नियमच केला: मागचं वाचायचं नाही. ह्यांनाही तो नियम माहीत होता. फक्त मी तो इतका काटेकोर पाळते, हे माहीत नव्हतं.

पुढची बाजू

टायपिंगवाल्या बाईंचं दुकान दोन गल्ल्या सोडून आहे. झेरॉक्स, लग्नपत्रिका, प्रबंध, सगळं तिथेच. मी चपला कुठल्या घातल्या तेही बघितलं नाही.

"शेवटच्या पानाच्या दोन्ही बाजू टाइप केल्यात का तुम्ही?"

"हो मग," बाई म्हणाल्या. "छापलेलं असतं तर मी बघतही नाही. बारा वर्षं करतेय तुमचं काम. पण हे पेनाने लिहिलेलं होतं. म्हटलं, जागा संपली म्हणून मागे लिहिलंत."

"अक्षर माझं होतं?"

"छे, ते साहेबांचं. तुमचं मनगट धरलंय म्हणालात ना? म्हटलं, तुम्ही सांगितलंत, त्यांनी उतरवून घेतलं. हेवा वाटला हो मला. आमच्याकडे सामानाची यादी सांगितली तरी अर्ध्यात उठून जातात." मग माझा चेहरा बघून, "काही चुकलं का?"

"पान द्या."

त्यांनी फाइलीतून काढून दिलं. "मी मात्र रडले टाइप करताना. काय लिहिलंयत!"

मी कागद उलटला. अठ्ठावीस वर्षांत दुसऱ्यांदा.

मागची बाजू

वर एक तारीख होती. नऊ वर्षांपूर्वीची. खाली ह्यांचं ते तक्ते भरणारं, सरळ, कंटाळवाणं अक्षर.

"हे मी चौथ्यांदा लिहीत आहे, त्यामुळे कमी शब्दांत येईल.

त्या दिवशी मी तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंतची दारं ओढून पाहिली. ठीक होती. चौथा, पाचवा, सहावा पाहिले नाहीत. तक्त्यात सगळ्या चौकटींत बरोबरची खूण केली. मला घाई होती. कशाची ते लिहीत नाही, लिहिलं की ती सबब होईल.

लिफ्टमन जिन्यापर्यंत माझ्या मागे आला. म्हणाला, साहेब, वरचं एक दार बघता का, सैल लागतंय. मी म्हटलं, पुढच्या वेळी. चौकशीत त्याने हे सांगितलं. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, आठवत नाही. मला आठवत होतं. त्याच्या हातात तेलाची बुधली होती. शर्टाचं वरचं बटण तुटलेलं होतं. ते मला आजही दिसतं.

तू त्याला गुन्हेगार करून लिहितेस. त्यासाठी लागणारा कागद रोज मी आणून ठेवतो. आता मला ठेववत नाही."

पुढची बाजू

सगळ्यात आधी काय मनात आलं ते सांगते, आणि खोडणार नाही. मनात आलं: बुधली चांगली आहे. चारशे अकरा पानांत मला त्या माणसाच्या हातात द्यायला काही सापडलं नव्हतं.

बाईंनी खुर्ची सरकवली, पाण्याची बाटली दिली. दुकानात एक मुलगी बायोडेटाच्या दहा प्रती मागत होती. झेरॉक्सचा उजेड इकडून तिकडे जात होता. दहा वेळा. मी मोजला.

तारीख. ती तारीख मला पाठ आहे. त्या दिवशी पाच वाजता माझ्या पहिल्या पुस्तकाचं प्रकाशन होतं. आमच्या भिंतीवर त्याचा फोटो आहे. मी व्यासपीठावर, आणि पहिल्या रांगेत हे, घामाने ओलेचिंब. मी नेहमी सगळ्यांना सांगायचे, "बघा, साहेब कामावरून धावत आले, पण वेळेवर आले."

आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. इमारतीला लिफ्ट आहे. मी बटण दाबलं, लिफ्ट आली, दार उघडलं, आणि मी वाकून आत बघितलं की आहे ना. मग जिन्याने चढले. दुसऱ्या मजल्यावर धाप लागली आणि तिथे लक्षात आलं. नऊ वर्षं हे जिन्याने येतात. पावसात, तापात, हातात दोन-दोन पिशव्या घेऊन. आम्ही सगळे चिडवायचो, "लिफ्टवाल्या साहेबांना लिफ्टचं वावडं!" हे म्हणायचे, "पोट कमी करतोय." पोट काही कमी झालं नाही. मी, जी बसमधल्या अनोळखी बाईच्या नखांचा रंगसुद्धा वहीत टिपून ठेवते, मला हे दिसलं नाही.

हे टेबलापाशी उभे होते. उद्याचे कागद लावत होते. मी पान समोर ठेवलं, ह्यांची बाजू वर करून.

"वाचलंस," हे म्हणाले.

"टायपिंगवाल्या बाईंनी वाचलं. संपादकांनी वाचलं. त्यांच्या शिपायानेही वाचलं असेल. माझा नंबर शेवटचा."

हे खाली बसले नाहीत, काही नाही. हातातले कागद ठोकून सरळ करत राहिले.

"चार वेळा?" मी विचारलं.

"चार वेळा सगळ्यात वर ठेवला. शेवट लिहायचा असला की तू वरचाच घेतेस."

"आणि मी..."

"पहिल्यांदा डब्यात तुकडे दिसले. मला वाटलं, वाचून फाडलास. आठ दिवस तुझ्या तोंडाकडे बघत होतो. तू म्हणालीस, केस कापून या, झिपऱ्या झाल्यात. मी म्हटलं, संपलं. सोडलं हिने मला. न्हाव्याकडे बसल्या बसल्या रडलो, तो बिचारा घाबरला." कागद पुन्हा ठोकले. "मग तेवढ्याने बरं वाटेना. तुकडे तेव्हाच डब्यातून काढून ठेवले होते, ते जुळवले. मागे तुझा लिफ्टमन रडत होता. तू माझी बाजू बघितलीच नव्हतीस."

"मग पुन्हा लिहिलं."

"पुन्हा लिहिलं. तू पुन्हा फाडलंस."

तीन वेळा. तीन वेळा मी हे उभं-आडवं फाडलं होतं. वर चहाची पूड टाकली होती.

"तोंडाने सांगता येत नव्हतं?"

"नाही."

"आणि नोकरी होती तोवर थांबलास. पेन्शन हातात पडल्यावर सुचलं होय रे तुला?"

मी ह्यांना तू म्हणाले होते. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. दोघांच्याही लक्षात आलं.

"हो," हे म्हणाले. "भित्रा आहे मी."

"घाई कसली होती?"

"ते लिहिलेलं नाही."

"तारीख लिहिली आहेस."

भिंतीवरच्या फोटोकडे आम्ही दोघांनीही पाहिलं नाही. तो तिथे होता, तेवढं पुरे होतं.

फोन वाजला. संपादक.

"बाई, छपाईला पाठवतोय. सहज म्हटलं, कळवावं."

खरं सांगते, हो म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला शेवट होता. तो छापला असता तर कोणी ह्यांना हात लावला नसता. लोक म्हणाले असते, काय कल्पना आहे! कादंबरीत गेलं की ते पान खोटं होणार होतं, कायमचं. लिफ्टमन बाहेर तसाच राहिला असता, चौदा महिने भोगलेला, आणि आम्ही दोघं पहिल्या रांगेत बसलो असतो.

"ते शेवटचं पान काढा," मी म्हटलं.

"काय? झोपेत आहात का? तेच तर पान आहे!"

"ते माझं नाही."

"मग कोणाचं?"

"ज्याला आधी मिळायला हवं होतं त्याला अजून मिळालेलं नाही."

संपादक हळूच म्हणाले, "बाई... तो चाळिसाव्या पानावरचा... तुमचे मिस्टर..." आणि त्यांनी वाक्य सोडून दिलं. इतका बोलका माणूस.

ह्यांना मी म्हटलं, "पुन्हा लिही. मला नको, त्याला. नाव, हुद्दा, तारीख, सगळं. मागे काही असलेला कागद नको."

घरात तसा कागदच नव्हता. एवढे गठ्ठे, सगळे पाठकोरे. मी खाली जाऊन एक दस्ता आणला. हे लिहीत असताना मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. मागे निब कुरकुरत होतं. माझ्याच टेबलावर, माझ्याच खुर्चीत.

"तो कुठे असतो माहीत आहे?"

"बस डेपोजवळच्या सायकल स्टँडवर. नऊ वर्षं त्या रस्त्याने जात नाही, म्हणजे माहीत असणारच."

"मी येते."

"नको." घडी घालता घालता हे थांबले. "तू बघत बसशील. त्याला कसं वाटलं, मला कसं वाटलं. आज बघणारं कोणी नको."

ह्यापेक्षा वाईट मला कोणी काही बोललेलं नाही. आणि ते चूकही नव्हतं.

हे गेले, जिन्याने. मी पावलं मोजली, खाली ऐकू येईनाशी होईपर्यंत.

(कादंबरीचा जो शेवट आता छापलेला आहे तो दीड पानाचा. दुसऱ्या दिवशी सकाळी एका बैठकीत झाला, कोऱ्या कागदावर, आणि छाती दडपली नाही असं नाही. त्यात लिफ्टमन साहेबांच्या मागे जिन्यापर्यंत जातो आणि म्हणतो, वरचं एक दार बघता का. तिथे पुस्तक संपतं. कोणी रडत नाही. बुधली मी घेतली नाही, ती माझी नव्हती. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी मी एक अक्षर लिहिलं नाही. टेबलाशी बसून जिन्याकडे कान लावून होते.)

साडेतीनला जिन्यावर नाही, लिफ्टमध्ये आवाज झाला. ती घरघरत वर आली आणि आमच्या मजल्यावर थांबली. कोणीतरी दुसरं असेल म्हणून मी उठलेही नाही. मग दार वाजलं.

आधी तो दिसला. मी कोर्टात पाहिला होता त्यापेक्षा बारीक, केस पांढरे, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. लिफ्टच्या दाराला त्याने हात आडवा धरून ठेवला होता, आणि त्या हाताखालून हे बाहेर येत होते, भिंत चाचपत.

"ह्यांना जिन्याने यायचं होतं," तो म्हणाला. "मला चार मजले नाही झेपत आता. म्हटलं, चला, मी आहे ना."

अकरा वेळा मी ह्या माणसाला रडवलं होतं. "बसा," एवढंच म्हटलं.

"बसायला नाही आलो." पण त्याने खोलीभर नजर फिरवली. कागदांचे गठ्ठे, फोटो, टेबल. "साहेब म्हणाले, तुम्ही माझ्यावर लिहिताय. पुस्तक."

"हो."

"काय करतो मी त्यात? शेवटी?"

"माफी मागता."

तो हसला नाही, चिडला नाही. खरोखरच विचारावं तसं त्याने विचारलं, "कशाची?"

हे भिंतीला टेकून उभे होते. डोळे मिटलेले.

"ते बदलते," मी म्हटलं.

"बदला." त्याने खिशातून तो कागद काढला, माझ्या टेबलावर उलगडला, दोन्ही बाजूंनी तळव्याने सपाट केला. "मी आत असताना एकजण होता, जुना कारकून. त्याने शिकवलं. नुसतं लिहून भागत नाही, खाली साक्षीदार लागतो. वकील म्हणेल, घरचा माणूस चालत नाही. चालू दे न चालू दे. बाकीचे दोन मी आणीन. पहिली सही तुमची पाहिजे."

मी पेन घेतलं. मनगट ठणकत होतं. ह्यांच्या अक्षराखाली मी सही केली, पुस्तकांवर करते तशी, शेवटी एक लांब रेघ ओढून.

त्याने कागद स्वतःकडे फिरवून घेतला. सावकाश वाचला. पुन्हा माझ्याकडे फिरवला.

"हे पुस्तकावरचं झालं," तो म्हणाला. "खाली माहेरचं लिहा. तुमच्या भावाचं आडनाव होतं ते."

मी पेन टेकवलं. अठ्ठावीस वर्षं ते आडनाव लिहिलं नव्हतं. पहिलं अक्षर कुठून सुरू करायचं तेच आठवेना, आणि हात कागदावर तसाच राहिला.

लिफ्टमन शेजारी उभा होता. त्याला घाई नव्हती.